मामाला पाहुणा म्हणायचं होतं

घरी किती जण राहता, असं कोणी विचारलं की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. विचारणारा जनगणनेचा मास्तर असो की गॅस एजन्सीचा माणूस, मी त्याच्याकडे अशी पाहते की तो बिचारा एक पाऊल मागे सरतो. त्याचा काही दोष नाही, हे मला कळतं. पण या एवढ्याशा प्रश्नानं आमच्या घराचं जे करून ठेवलं, ते आठवलं की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही.

तेव्हा घरी आम्ही दोघीच होतो, आई आणि मी. वैनगंगेच्या अलीकडचं धानाचं गाव, दोन खोल्यांचं घर, पुढे छपरी आणि मागच्या अंगाला सांदवाडी, तिच्यात चार वांगी, एक शेवगा आणि पाणी तापवायची चूल. मी ब्लाऊज-परकर शिवायची, अजूनही शिवते. लग्न झालं होतं, जमलं नाही, परत आले. ती गोष्ट वेगळी आहे आणि ती मी इथं सांगणार नाही. बाबा मी शाळेत असतानाच गेले होते. आईला निराधारचा पगार मिळायचा. सरकारदरबारी त्याला काय म्हणतात ते सरकारला माहीत, आमच्याकडे सगळे पगारच म्हणतात.

आईनं जन्मभर दुसऱ्याच्या बांधीत धानाची रोपं लावायचा रोवणा केला, तेंदूपत्ता तोडला, मोहफुलं वेचली. पगार नावाची गोष्ट तिला म्हातारपणीच पाहायला मिळाली. तो आणायला तालुक्याच्या बँकेत जायची तेव्हा ठेवणीतली निळी साडी नेसायची. रस्त्यात कोणी नाही विचारलं तरी मोठ्यानं सांगायची, "पगाराले चालली वं!" घर माझ्या मशीनवर चालायचं. पण आईच्या बीपीच्या गोळ्या, तिचा दात घासायचा गुडाखू, विहारातल्या कार्यक्रमाची वर्गणी, कोणाच्या घरी बाळ झालं तर झबलं, हे सगळं ती आपल्या पैशानं करायची. माझ्यापुढे हात पसरायची वेळ तिच्यावर येत नव्हती आणि त्याचा तिला केवढा तोरा होता! कधीकधी मलाच म्हणायची, "दोऱ्याची रीळ पाहिजे काय तुले? सांग, पगार झाला आहे माहा."

मामा हा आईच्या पाठचा भाऊ. माजरीकडे कोळशाच्या खाणीत त्याचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सुटलं, मग तिथंच वस्तीत एक खोली भाड्यानं घेतली. मामी वारली. मूलबाळ नाही. खाणीची पेन्शन होती, म्हणायला पेन्शन. खोलीचं भाडं आणि दम्याचं औषध यांतच ती संपायची. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आले होते. चंद्रपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, आधी एक डोळा करू, तो चांगला बसला की दुसरा. पण ऑपरेशननंतर वाकायचं नाही, धूर लागू द्यायचा नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि दिवसातून कितीदातरी थेंब टाकायचे. मामा फोनवर म्हणाला, "करून घेतो वं बाई. राह्यतो एकटा, त्यात काय?" मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाईच म्हणतात. आईनं माझ्या हातातून फोन हिसकला.

"कोण टाकन रे डोळ्यात औषध? तुही बायको उठून येईन काय? चुपचाप इथी ये."

म्हणून मामा आला. एक डोळा हिरव्या पट्टीखाली, त्यावर काळा चष्मा, हातात पिशवी.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे बहीण माहेरी महिनोन्‌महिने राहिली तरी कोणी तोंड उघडत नाही. पण भाऊ बहिणीच्या घरी राहिला की गावाचं पोट दुखायला लागतं. भावानं यावं, बहिणीला साडी-चोळी करावी, जेवावं आणि सांजच्या गाडीनं परत जावं. बहिणीच्या खाटेवर पडून तिचा भात खाणारा भाऊ म्हणजे ज्याचं जगात काही उरलं नाही असा माणूस. मामाला हे आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पट्टी निघायच्या आधीच त्याचं सुरू झालं, "जातो आता बाई, बरा झालो मी." नळावर बाया विचारायच्या, "पाहुणे आहेत काय वं अजून?" पहिल्या वेळी आईनं ऐकून घेतलं. दुसऱ्या वेळी तिनं पाण्याची भरलेली गुंडी खाली ठेवली.

"कोण पाहुणे? माहा भाऊ होय तो. त्याचंच घर आहे. तुह्या घरचा भात खाते काय?"

आणि घरी येऊन मला दम दिला, "या घरात पाहुणा हा शब्द कोणी काढाचा नाई. त्याच्या कानी पडला त उठून जाईन तो."

नुसतं म्हणून थांबेल ती आई कसली! पाहुण्याला आमच्याकडे काम सांगत नाहीत, घरच्याला सांगतात. म्हणून तिनं मामाला काम लावून दिलं. अंगणात धान वाळत घातलं होतं, त्यावरच्या कोंबड्या हाकलायच्या. मामा छपरीत खाटेवर बसून हातात काडी घेऊन हुश्श हुश्श करायचा. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात मोतीबिंदू, कोंबडी कुठं आणि काडी कुठं! कोंबड्यांनाही ते कळलं होतं, त्या खुशाल टिपत बसायच्या. आई आतून ओरडायची, "काय करून राह्यला गा तू? सारं धान खाल्लं त्याईनं!" आणि मामा खूश व्हायचा. खरंच सांगते, शिव्या खाऊन इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. जातो-जातो म्हणणं त्यानं बंद केलं. दुसरा डोळाही इथंच राहून करायचा, असं ठरून गेलं.

आणि त्याच दिवसांत तो चौकशीवाला आला.

पगार घेणाऱ्यांच्या घरी अशी चौकशी होते. माणूस जिवंत आहे का, घरात कोणी कमावता आहे का, ते पाहायला. मोटारसायकलवर आला, चाळिशीचा असेल. माणूस वाईट नव्हता. उन्हाचा आला होता, आईनं पाणी दिलं, मी चहा ठेवला. त्यानं छपरीतच बसून मोबाइल काढला आणि विचारलं, "घरी किती जण राहता, बाई?"

मामा तिथंच खाटेवर होता, हाताच्या अंतरावर. आतून मला आईचं तोंड दिसत होतं. तिनं एकदा मामाकडे पाहिलं. तो काडी हातात घेऊन ताठ बसला होता, कान इकडे.

"तिघं," आई म्हणाली.

"हे कोण?"

"माहा भाऊ होय. घरचाच."

"म्हणजे इथंच राहतात?"

"इथीच राह्यते. कायमचा."

आता चौकशीवाल्यानं मामाला विचारलं, काय करता म्हणून. आणि मामानं, बहिणीच्या तुकड्यावर जगतो असं या परक्या माणसाला वाटू नये म्हणून, छाती पुढे काढून सांगितलं, "खाणीत होतो साहेब. पेन्शन आहे मले."

झालं. एकानं दुसऱ्याची लाज राखली, दुसऱ्यानं आपली राखली. दोघांनी मिळून आईच्या पगारावर धोंडा घातला आणि दोघांनाही पत्ता नव्हता. मलासुद्धा नव्हता, मी आत चहात साखर टाकत होते. चौकशीवाला चहा पिऊन, मस्त झाला म्हणून निघून गेला.

पुढच्या वेळी आई निळी साडी नेसून बँकेत गेली आणि रिकाम्या हातानं परत आली. बँकवाले म्हणाले, जमा झालाच नाही. उशीर होत असेल, असं आम्ही धरलं. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. त्या दिवशी येताना ती कोणाशी बोलली नाही. बस थांब्यापासून घरापर्यंत मान खाली घालून आली, हे मला शेजारणीनं सांगितलं. गोळ्या संपल्या होत्या आणि त्या तिनं मला मागितल्या नाहीत. मला कळलं ते तिला भोवळ आली तेव्हा. सांदवाडीत शेवग्याला धरून उभी होती. मी तिच्यावर ओरडले, ती माझ्यावर ओरडली, आणि छपरीत बसलेला मामा विचारत राहिला, "काय झालं वं? काय झालं?"

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला गेले. ऑफिसचा बाबू जेवायला गेला होता. आला तेव्हा म्हणाला, साइट बंद आहे. साइट सुरू झाली तेव्हा म्हणाला, आधार नंबर सांगा. शेवटी त्यानं पडद्याकडे पाहत सांगितलं, "तुमच्या कुटुंबात पेन्शनवाला माणूस आहे. निराधार कशा मग?"

"कोण माणूस? आम्ही दोघी बाया आहोत."

"तुमच्या आईचा भाऊ. कायमचा राहतो, असं बाईंनी स्वतः सांगितलं आहे. आम्ही मनानं नाही लिहिलं."

माझ्या डोळ्यांपुढे ती छपरी उभी राहिली. मी म्हटलं, "अहो साहेब, त्याचं डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे. म्हणून आला आहे तो. बरा झाला की जाईल."

"मग पाहुणा आहे म्हणून सांगायचं ना!"

"तो समोर बसला होता."

"मग काय झालं?"

मग काय झालं! आता याला काय सांगायचं? तो बाबू काही परदेशातून आला नव्हता. आमच्याच भागातला, आमच्यासारखाच बोलणारा. त्याला बहीण नसेल? त्याच्या घरी म्हातारा माणूस कधी दुखणं घेऊन आला नसेल? मी विचारलं, "किती दिवस राह्यला म्हणजे पाहुणा, आणि कवापासून घरचा? कुठी लिहून आहे, दाखवा मले." तो म्हणाला, नियमात पाहुणा असा शब्दच नाही. मी म्हटलं, मग आईनं तो काऊन म्हणायचा होता? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याचं जेवण खराब केलं. म्हणाला, "ताई, तोंड नका करू. फेरचौकशीचा अर्ज द्या. माणूस पुन्हा येईल. त्या वेळी तुमचा मामा घरी नसला तर बरं. असला तर पाहुणा आहे असं बाईंनी स्वतः सांगावं लागेल."

बसमध्ये माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. आमच्याच गल्लीत एक घर आहे. पोरगा नोकरीवाला, दारात चारचाकी, घरावर स्लॅब टाकलेला. पण कागदावर तो आईबापापासून वेगळा निघालेला आहे. एकाच कुकरचा भात सगळे खातात आणि म्हाताऱ्यांना पगार सुरू. त्यांना मिळतो त्याचं मला दुखत नाही, मिळो बापडे. पण एकाच घरात राहून कागदावर वेगळे झाले ते वेगळे, आणि आमचा म्हातारा डोळ्याला पट्टी बांधून चार दिवस आला तर तो आमचा कमावता पुरुष! हे कोणत्या डोक्यातून निघालं असेल? ज्यानं हा नियम काढला त्याच्या घरी कोणी कधी येऊन राहिलंच नसेल, नाहीतर त्याच्या घरी कोणी टिकत नसेल.

घरी आल्यावर मी आईला सांदवाडीत नेलं. मामाला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलायचं ठरवलं होतं, पण आम्हा मायलेकींचं हळू बोलणं म्हणजे अर्ध्या गावाला ऐकू जाणारं. मी सगळं सांगितलं. आई खाली बसली. वांग्याच्या झाडाचं एक पान तोडून तिनं त्याचे तुकडे तुकडे केले.

"त्याच्या मोरं म्हणू? पाहुणा आहे म्हणू त्याले?"

"एका शब्दाचा प्रश्न आहे, आई."

"मंग तूच म्हण."

"मले नाई विचारणार ते. तुले विचारतील."

"माह्यानं नाई होत," आई म्हणाली. "बाप मेला तवा हा एवढासा होता. मी याले कमरेवर घेऊन रोवण्याले जात होती. आज याले धड दिसत नाई आणि मी म्हणू, हा माहा कोणी नाई?"

"कोणी नाई असं कोण म्हणते? पाहुणा म्हण."

"एकच आहे ते."

मला तिचाही राग आला, खोटं कशाला बोलू? असा हट्ट, आणि गोळ्यांवाचून भोवळ येऊन पडते आहे! मी म्हटलं, मग माझ्याकडून पैसे घे आणि चूप बस. ते तर तिला त्याहून झोंबलं. रात्री तिघं जेवायला बसलो. लाखोरीची डाळ मामाची आवडती, पण ती त्यानं पानात तशीच ठेवली. ते पाहून मला शंका आली होती. पण मी तेव्हा इतकी चिडलेली होते की विचारलं नाही.

फेरचौकशीला तोच माणूस आला. तेच अंगण, तीच छपरी. मी आईला पढवून ठेवलं होतं. मामाला त्या वेळी विहारात पाठवायचं, असंही ठरवलं होतं. पण चौकशीवाला काही सांगून येतो? मामा खाटेवरच होता. पट्टी केव्हाच निघाली होती, काळा चष्मा होता. चौकशीवाला आईसमोर उभा राहिला.

"बाई, नीट सांगा आता. हे इथं राहतात की पाहुणे आहेत?"

आईनं पदर हातात धरला. "हा..." म्हणाली आणि तिथंच अडली. मी मागून तिला ढोसलं. "हा माहा..."

"पाहुणा आहो मी साहेब," मामा म्हणाला. खाटेवरून उठून उभा राहिला, कोणी मोठा माणूस दारी आल्यावर उठावं तसा. "बहिणीकडे आलतो. उद्या चाललो."

"मग हेच पहिले सांगायचं ना!" चौकशीवाला म्हणाला. "माझी चक्कर तरी वाचली असती." त्याचं काम झालं होतं. तो गेला. आई तिथंच उंबऱ्यावर बसली. तिनं तोंडाला पदर लावला आणि मामाकडे पाठ केली. मामा तिच्याजवळ गेला नाही. तो आत जाऊन आपली पिशवी भरायला लागला.

"मामा, खरंच जायाची गरज नाई," मी म्हटलं. "त्यानं लिहून घेतलं. झालं आता काम."

"उद्या चाललो म्हणलं ना मी त्याले. उद्या पुन्हा आला त? बाई खोटी पडन."

आईनं त्याच्या चपला लपवल्या. हसू नका, खरंच लपवल्या, धानाच्या ढोलीमागे. मामानं त्या चाचपडत शोधून काढल्या. सकाळच्या गाडीनं तो गेला. बसमध्ये चढताना त्यानं मला औषधाची बाटली दाखवली आणि म्हणाला, थेंब टाकता येतात आता मला, आरशात पाहून टाकतो. उरलेल्या एका पिकल्या डोळ्याचा आणि नुकत्या उघडलेल्या दुसऱ्या डोळ्याचा माणूस, आरशात पाहून टाकणार होता! बस गेल्यावर मी तिथंच उभी राहून त्या बाबूला, त्या चौकशीवाल्याला आणि दिसलेल्या प्रत्येक सरकारी पाटीला मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या, त्या इथं लिहिता येणार नाहीत.

पगार सुरू झाला. नियमाप्रमाणे सगळं व्यवस्थित झालं. आई बँकेत गेली, घरातल्या साडीवर गेली, आणि येताना रस्त्यात कोणाला काही सांगितलं नाही. गोळ्या आल्या. मामाला फोन लावला की तो म्हणायचा, मजेत आहो. दुसऱ्या डोळ्याचं विचारलं की म्हणायचा, डॉक्टर म्हणते अजून पिकला नाही. मार्कंड्याची जत्रा झाली, उन्हाळा तापला. आई म्हणायची, पिकत काऊन नाही हा डोळा? आंबेसुद्धा पिकले आता.

मग आमच्या गावचा एक जण मागे आपल्या बापाला घेऊन चंद्रपूरला गेला होता, तो एकदा सहज बोलून गेला, "तुमचे मामा दिसले होते ना डोळ्याच्या दवाखान्यात, महिना होऊन गेला. डोळ्याला पट्टी, आणि एकटेच होते." आईच्या हातात परात होती, ती तिनं जमिनीवर आदळली.

आम्ही दोघी त्याच दिवशी निघालो. माजरीच्या त्या वस्तीत पोचलो तेव्हा मामा स्टोव्हपुढे बसून भात शिजवत होता. खोलीला खिडकी नाही. स्टोव्ह भपकत होता, सगळा धूर वर छतापाशी तुंबला होता. त्याचा एक डोळा स्वच्छ होता. दुसरा लाल, चिकट, अर्धा मिटलेला. त्या डोळ्याचं ऑपरेशनही चांगलं झालं होतं, असं डॉक्टरनं आम्हाला नंतर सांगितलं. पण मागाहून डोळ्यात इन्फेक्शन झालं, धुरानं, हातानं, कशानंही. दाखवायला यायला मामानं उशीर केला. त्या डोळ्यानं मामाला आता उजेड आणि अंधार तेवढा कळतो.

पण ते नंतर कळलं. त्या वेळी आई दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "काऊन सांगितलं नाईस रे?"

मामानं स्टोव्ह बंद केला. वर पाहिलं नाही.

"तुहा पगार आता कुठी सुरू झाला होता, बाई."

आई आत जाऊन त्याची पिशवी शोधायला लागली. मीच बोलले. शेजारीपाजारी जमेपर्यंत बोलले, नियम करणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि मामाला म्हटलं, तुला अक्कल आहे का? तो म्हणाला, नाही. आईनं तोवर त्याची पिशवी भरली होती. खोलीची किल्ली घरमालकाला देऊन टाकली.

मामा आमच्या घरी आला त्याला आता बराच काळ झाला. चौकशी पुन्हा लागली, लागणारच होती. माणूस तोच. या वेळी त्याला सगळं ठाऊक होतं. मामाला खाटेवर बसलेला पाहून तो बाहेरच थांबला. आईला बाजूला बोलावून हळूच म्हणाला, "बाई, पाहुणे आलेत असं म्हणा. मी तसंच लिहितो. तुमचं नुकसान कशाला?"

मी सांगितलं ना, माणूस वाईट नव्हता. मी आईकडे पाहिलं. मला वाटलं, म्हणेल. आता तरी म्हणेल.

"तुम्ही भले आहा साहेब," आई म्हणाली. "पण मी म्हणणार नाई, आणि मी चूप राह्यली त हाच उठून म्हणन. एकदा ऐकलं मी त्याच्या तोंडून. पुन्हा ऐकाची ताकद नाई माह्यात. त्याच्या आधी लिहा तुम्ही, घरी तिघं."